परसातल्या भाज्या, पालेभाज्या आणि आपलं खान्देशी ऊन

गिरणाकाठी

दरवर्षी मार्च संपत आला की बागकामाच्या सगळ्या गटांत एकच रडगाणं सुरू होतं. पालक चार बोटं वाढला आणि फुलावर गेला. कोथिंबीर उगवली तशी जळाली. मेथी पिवळी पडली. विचारणारा बहुतेक वेळा जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर नाहीतर शहाद्याचा असतो आणि उत्तर देणारा पुण्याचा. 'सकाळचं कोवळं ऊन द्या' म्हणे! आपल्याकडे एप्रिलात कोवळं ऊन साडेसातला संपतं, पुढे पारा 44-45 ला टेकेपर्यंत नुसतं ऊन. म्हणून म्हटलं, आपल्या हवेपुरता वेगळा धागा काढावा.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या मुलखात पालकाचा हट्ट बारा महिने धरू नये. पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू, मुळा ही थंडीची पिकं. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत थोडं थोडं, आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानं पेरत राहा, होळीपर्यंत पुरतं. दिवस मोठा आणि तापट झाला की ही झाडं पानं सोडून बी धरायच्या मागे लागतात. त्याला तुमचं खत-पाणी काही करू शकत नाही.

उन्हाळ्यात लावायच्या त्या माठ, राजगिरा, तांदुळजा, पोकळा. सगळी एकाच कुळातली मंडळी. ऊन पचवायची त्यांची रीत मका-ज्वारीच्या जातीची आहे, त्यामुळे पालक जिथे माना टाकतो तिथे माठ हातभर वाढतो. मुळासकट उपटायचा नाही. वीतभर झाला की शेंडा खुडायचा, बगलेतून फुटवे येतात, परत खुडायचा. परसातला एक बारका वाफा घराला दीड-दोन महिने भाजी देतो. पाणी रोज हवं, पण दुपारी नको, संध्याकाळी उतरत्या उन्हात द्या.

ज्याच्या परसात, गच्चीत, बांधावर जे येतं ते लिहा. कसं लावता, कसं शिजवता, अंगाला काय मानवतं, काय बाधतं. एकच विनंती, 'ह्या पाल्यानं साखर मुळासकट जाते' असले फॉरवर्ड इथे टाकू नका.

कळणा_भाकर

जिभाऊ, धागा झकास. पण भाज्यांचा धागा आणि वांग्याचं नाव नाही? वांगानं भरीत नि कयन्यानी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर, आखो काय जोयजे (आणखी काय हवं)!

गच्चीवरची_बाग

गिरणाकाठी दादा, परस असणाऱ्यांचं ठीक आहे. आम्ही भुसावळला तिसऱ्या मजल्यावर, खाली स्लॅब तापतो, वरून ऊन. माठसुद्धा कुंडीत होरपळतो. आमच्याकडे जे चालतं ते सांगते.

कुंड्या थेट फरशीवर ठेवायच्या नाहीत, दोन विटांवर ठेवायच्या. खालून हवा खेळली की मुळं शिजत नाहीत. एकट्या कुंडीपेक्षा आठ-दहा कुंड्या चिकटून ठेवल्या की एकमेकींना सावली देतात. वरून 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, ती मार्चमध्येच बांधायची, झाडं करपल्यावर नाही. आणि मातीवर आच्छादन. आपल्याकडे केळीच्या वाळलेल्या पानांना काय तोटा? बाजारात केळीच्या घडाभोवती गुंडाळलेली पानं फेकून देतात, ती मागून आणते, कातरून कुंडीत पसरते. दोन वेळच्या पाण्याचं एका वेळेवर भागतं.

कोथिंबीर उन्हाळ्यात हवीच असेल तर जाळीखाली, रुंद उथळ क्रेटमध्ये. धणे चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर माती सुकू द्यायची नाही. पाच-सहा पानांची झाली की कापून खायची. जुडी होईल म्हणून वाट पाहत बसलं तर फुलंच बघायला मिळतात.

यावलकर

वांग्याचं मी लिहितो, घरचंच पीक आहे.

भरताचं वांगं म्हणजे बाजारातलं काळं-जांभळं गोल वांगं नव्हे. आपलं हिरवट, त्यावर पांढऱ्या रेषा, हातभर नसलं तरी वीतभर सहज आणि वजनाला पाव-अर्धा किलोच्या पुढे. बामणोद, भालोद, आसोदा ह्या गावांची नावं त्याला चिकटली आहेत. 2016 साली 'जळगाव भरीत वांगी' म्हणून त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गर मऊ, बिया कमी, भाजल्यावर पाणी सुटून चिकट लगदा होत नाही. दुसऱ्या वांग्याचं भरीत करून बघा, फरक पहिल्या घासाला कळतो.

घेताना आकारानं मोठं पण हाताला हलकं वांगं घ्या. जड वांग्यात बिया धरलेल्या असतात. देठ हिरवागार, साल ताणलेली, बोट दाबलं तर परत वर येणारी.

परसात लावायचं तर रोप मृगात टाका, महिना-सव्वा महिन्यात लावणी, तीन-तीन फुटांवर. जवळ लावलं तर झाड हिरवंगार दिसतं आणि फळ धरत नाही. शेणखत आळ्यात भरपूर. मुख्य शत्रू शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. एखादा शेंडा भर पाण्यातही मान टाकून लोंबताना दिसला की समजा ती आत आहे. औषधाच्या मागे पळण्याआधी तो शेंडा दोन बोटं खालून खुडा आणि लांब नेऊन जाळा किंवा खोल गाडा. तिथेच झाडाखाली टाकला तर अळी तिथेच कोषात जाते आणि पतंग होऊन परत तुमच्याच वांग्यावर येते. दहा-वीस झाडं असतील तर रोज सकाळी फेरी मारून एवढंच केलं तरी निम्मं काम होतं. सोबत कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारा) एक-दोन. आणि मागच्या साली जिथे वांगी, टोमॅटो, मिरची होती तिथे यंदा वांगं नको, मर रोग येतो, झाड उभं वाळतं.

कळणा_भाकर

यावलकर भाऊ, भाजायचं पण सांगा. पुण्या-मुंबईचे लोक गॅसवर जाळी ठेवून भाजतात आणि म्हणतात खान्देशी भरीत.

यावलकर

गॅसवर भाजा, काही पाप नाही. पण पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या झाडांच्या) नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला जो धुराचा वास लागतो तो गॅसवर येत नाही, हे खरं. शेतात करताना काड्यांचा थर, त्यावर वांगी, वर परत काड्या, आणि पेटवून द्यायचं. टोचे मारायला विसरू नका, नाहीतर वांगं फुटतं. जाळ झपाट्यानं होतो, साल कोळसा होते आणि आतला गर वाफेवर शिजतो. मग गरम असतानाच पातेल्यात झाकून ठेवा, साल आपसूक सुटते. साल काढताना वांगं पाण्यात बुचकळू नका, बोटं ओली करून काढा. धुतलं की चव गेली.

त्याच जाळात हिरव्या मिरच्या भाजून घ्यायच्या. लाकडी बडगीत आधी मिरची, लसूण, मीठ ठेचायचं, मग गर. बडगीत ठेचल्यानं गराचे दोरे राहतात, मिक्सरमध्ये त्याची लापशी होते. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर, वरून तेल. हळद-गोडा मसाला घालणाऱ्यांनी आपापल्या घरी घालावा, माझं काही म्हणणं नाही (आहे, पण सांगत नाही).

चंपाषष्ठीपर्यंत वांगं न खाणारी घरं अजून खूप आहेत. चातुर्मास पाळणारे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच सुरुवात करतात. खरं भरताचं वांगंही तेव्हाच भरात येतं. थंडी पडली की गर घट्ट होतो.

डबा_पुण्याचा

मी मूळ चोपड्याचा, सध्या हिंजवडीत. दोन प्रश्न. एक, वांग्यात खरंच काही गुण आहेत की नुसती चव? घरात सासूबाई म्हणतात वांगं म्हणजे खाज आणि वात. दोन, मुलीचं हिमोग्लोबिन कमी आलंय, तर रोज पालकाचा रस देतोय. बरोबर आहे ना?

आहारवाली_ताई

मी धुळ्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्या अनुभवावर लिहिते.

आधी मुलीचं. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी चालू ठेवा, भाजी हा त्याला पर्याय नाही. पालकाचं लोहाबद्दल नाव फार मोठं आहे, पण त्यातलं लोह शरीर फार थोडं घेतं. पालेभाजीतलं लोह कुठलंही असो, सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तरच ते नीट शोषलं जातं. म्हणजे भाजीवर लिंबू पिळा, जेवणात आवळा, पेरू, टोमॅटो असू द्या. आणि जेवणावर लगेच चहा नको. आपल्याकडे जेवलं की चहा टाकायची सवय आहे, त्यातली टॅनिन लोह अडवतात. तासभर तरी थांबा. कच्च्या पालकाचा रस तर मी कुणालाच रोज द्यायला सांगत नाही. त्यात ऑक्झलेट (कॅल्शियम अडवणारं, मुतखड्याला हातभार लावणारं द्रव्य) भरपूर असतं आणि कच्च्यात ते सगळं पोटात जातं.

आता आकड्यांचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये भारतीय अन्नाचे तक्ते काढले. 100 ग्रॅम पानांमागे कॅल्शियम बघा. पालकात साधारण 80 मिलिग्रॅम, मेथीत 275 च्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात 315 च्या आसपास, हिरव्या माठात सुमारे 330. मोठ्या माणसाची दिवसाची गरज 1000 धरतात. म्हणजे गिरणाकाठी जे उन्हाळ्यात लावा म्हणतात ते पालकापेक्षा कुठे कमी नाही. मात्र माठातही ऑक्झलेट चांगलंच असतं, त्यामुळे तक्त्यातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. मेथीत ते त्यामानानं बरंच कमी. म्हणून एकाच भाजीचा धोशा लावू नका, बदलून खा.

वांगं: नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, थोडा चोथा, उष्मांक अगदी कमी. चिरल्यावर काळं पडतं ते त्यातल्या क्लोरोजेनिक आम्लासारख्या घटकांमुळे, आणि ती द्रव्यं चांगलीच आहेत. जांभळ्या वांग्याच्या सालीत जे रंगद्रव्य असतं त्याचं फार कौतुक होतं, भरताच्या हिरव्या वांग्याला ते लागू नाही, आणि भरताची साल आपण टाकतोच. खाज काही जणांना खरोखर येते, ती ॲलर्जी असते. त्यांनी खाऊ नये. बाकीच्यांनी का सोडावं? भरतात वांग्याचे उष्मांक कमी असतात, पण वरून सोडलेल्या तेलाचे धरायचे विसरू नका.

कळणा_भाकर

ताई, तेलावर बोलू नका, भावना दुखावतात.

आबासाहेब

सर्वांना नमस्कार. भाज्यांची चर्चा वाचून आनंद झाला. पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही. आमच्या घरात श्रावणात पालेभाजी वर्ज्य. श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल. जुन्या लोकांनी हे उगीच ठरवलं नाही. पावसाळ्यात पाल्यावर किडे, अळ्या, चिखल. तरीही आजकाल पावसाळ्यात रानभाज्या खा म्हणून सगळे सांगतात. खरं काय मानायचं?

सातपुडा_पायथा

आबा, दंडवत. मी धडगावकडचा. आमच्या डोंगरात पावसाळ्यात पालेभाजी सोडली तर ताटात उरेल काय? पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत तरोटा (तुमचा टाकळा) उगवतो. त्याची दोन-चार पानांची कोवळी भाजी खातात. पुढे आषाढ सरता सरता तो निबर आणि उग्र होतो, मग आम्हीही सोडतो. कुंजर, केना, चिवळ, फांदीची पानं, सगळ्यांचा असा पंधरा दिवस-महिन्याचा काळ असतो. प्रत्येक भाजीचा तो काळ सांभाळला की झालं. 9 ऑगस्टला आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे जाऊन बघा. बायका पाट्यांवर भाज्या मांडून बसतात, ओळखही सांगतात आणि करायची रीतही.

शहरातल्या हौशी लोकांना एक सांगणं. मोबाईलवरचा फोटो बघून रानातला पाला तोडू नका. ओळखणाऱ्या बाईसोबत दोन पावसाळे फिरा, मग एकटे जा. काही पाले दिसायला सारखे आणि पोटाला वाईट असतात.

गिरणाकाठी

आबा, माझ्या मते दोन्ही खरं. नियम मळ्यातल्या पाल्याला बरोबर लागू पडतो. काळ्या मातीत पाऊस झाला की मेथी-पालकाच्या पानावर चिखल उडतो, सडते, मावा आणि अळ्या पडतात. रानातला पाला पावसानं धुतलेला, चार दिवसांचा कोवळा, कुणी खत-पाणी न दिलेला. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं न खाता परसातल्या-रानातल्या भाज्यांची भाजी करतातच की, आणि ती तर भाद्रपदात येते.

मला मात्र पावसाळ्यापेक्षा दुसऱ्याच पाण्याची भीती वाटते. मोठ्या शहरांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी पिकते, बारा महिने, हिरवीगार, स्वस्त. ती जुडी बघून कळत नाही. मिठाच्या पाण्यात भिजवल्यानं माती आणि अळ्या निघतात, पानाच्या आत शिरलेलं निघत नाही. घरी थोडं का होईना लावा म्हणतो ते ह्यासाठी.

आहारवाली_ताई

धुण्यावरून आठवलं. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात. उकळून पाणी फेकायचं की नाही, ह्यावर दोन्ही बाजूंनी भांडतात. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालक, चुका, घोळ, माठ ह्या भाज्या क्वचित खाव्यात आणि खायच्याच तर उकळून पाणी फेकावं, त्यात बरंच ऑक्झलेट निघून जातं. सोबत ताक किंवा दही घ्यावं, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच बांधून ठेवतं. ज्यांना असा त्रास नाही त्यांनी पाणी फेकायची गरज नाही, थोड्या पाण्यात झाकून शिजवा, संपलं. आणि तेलाची फोडणी हवीच. पाल्यातलं 'अ' जीवनसत्त्वाचं द्रव्य तेलाशिवाय अंगाला लागत नाही. (कळणा_भाकर खूश होतील. पण चमचाभर म्हणतेय, पळीभर नाही.)

पांझराकाठची_सून

ताई, सासऱ्यांना हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ करायची गोळी आहे. त्यांना पालेभाजी पूर्ण बंद करायला सांगितलंय शेजारच्यांनी. ते रोज मेथीसाठी भांडतात. काय करू?

आहारवाली_ताई

वहिनी, गोळीचं नाव आधी बघा. वॉर्फरिन किंवा एसिनोकुमारॉल असेल तर पालेभाजीतल्या 'के' जीवनसत्त्वाशी तिचा संबंध आहे. पण पूर्ण बंद करायचं असा त्याचा अर्थ नाही, दर आठवड्याला प्रमाण सारखं ठेवायचं. आज ताटभर मेथी आणि पुढे पंधरा दिवस काहीच नाही, असं केलं की रक्ताच्या तपासणीचा आकडा वर-खाली होतो. किती आणि किती वेळा, ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि तेवढंच पाळा. शेजारच्यांना विचारू नका.

कळणा_भाकर

मेथीवरून आठवलं, घोळाणा कुणी लिहिला नाही! कोवळी मेथी बारीक चिरायची, सोबत कांद्याची पात, मिरची, दाण्याचं कूट, मीठ, वरून कच्चं तेल, लिंबू. शिजवायचं काहीच नाही. थंडीत हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचाही करतात. पाला कच्चा खायचा असल्यानं घरच्या वाफ्यातला असला तरच.

गच्चीवरची_बाग

घोळाण्यासाठी मेथी लावायची तर रोपं जून होऊ देऊ नका. दाणे फोकून पेरा, तीन-चार दिवसांत उगवतात, पंचवीस दिवसांत खुडायला येतात. त्याच्या पुढे कडू होत जाते. किराणा दुकानातलीच मेथी पेरते मी, बियाण्याचं पाकीट कधी आणलं नाही.

आणि पालकाबद्दल एक गंमत. आपण वाफ्यात लावतो तो देशी पालक बिटाच्याच जातीतला, विलायती पालक वेगळा. म्हणून तर आपला पालक कापला की परत फुटतो. बिटाची पानं टाकून देणाऱ्यांनी ती पालकासारखी करून बघावी.

तापीमाय

वेलवर्गीय कुणी बोललंच नाही. गिलके (घोसाळी), दोडके, दुधी, गंगाफळ (लाल भोपळा), कारलं. मांडव घाला, जून-जुलैत लावा, फार लाड मागत नाहीत. गंगाफळ तर उकिरड्यावरसुद्धा येतं, पिवळ्या गरात 'अ' जीवनसत्त्वाचं द्रव्य चिक्कार, आणि आख्खं ठेवलं तर दोन-तीन महिने टिकतं. भेंडीवर पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो केवडा, पांढरी माशी पसरवते, तेवढं झाड लगेच उपटा. गवार, चवळीला नत्राचं खत घालत बसू नका, त्यांच्या मुळांवरच गाठी असतात.

मला विचारायचंय की यंदा घरच्या बियांचं गिलकं एकदम कडू निघालं. तोडून भाजी केली, थुंकावी लागली. मीठ लावून कडूपणा काढता येतो का?

यावलकर

नाही! आणि तसा प्रयत्नही करू नका. कारल्याचा कडूपणा वेगळा. दुधी, गिलके, दोडके, काकडी कडू लागली तर त्यात कुकुर्बिटासिन नावाचं विष तयार झालेलं असतं. शिजवल्यानंही ते जात नाही. कडू दुधीचा रस प्यायल्यानं आपल्या देशात मृत्यू झालेले आहेत, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं त्यावर समिती नेमून सूचना काढल्या होत्या. दुधी चिरला की आधी तुकडा जिभेला लावायचा, कडू लागला की सरळ फेकायचा. जनावरालाही घालू नका. 'औषधी असतो' म्हणून डोळे मिटून पिणाऱ्यांना आवरा.

घरचं बी धरताना आजूबाजूला कडू जातीचा रानवेल असेल तर मधमाश्यांमुळे परागीकरण होतं आणि पुढच्या पिढीची फळं कडू निघतात. पाण्याचा ताण पडला तरी कडूपणा वाढतो. ते वेल काढा, बी नवीन आणा.

तापीमाय

बाप रे. उपटलेच वेल. धन्यवाद भाऊ.

डबा_पुण्याचा

ताई, रस बंद केला, लिंबू-पेरू चालू. आता एक हट्टाची मागणी. इथे अंबाडी मिळत नाही, मिळाली तर जून निघते. बाल्कनीत येईल का? आईच्या हातची कण्या आणि तुरीची डाळ घालून केलेली, वरून लसणाची फोडणी ओतलेली अंबाडी फार आठवते.

गिरणाकाठी

येईल की. पण खोल कुंडी घ्या, फूटभर तरी. मूळ सरळ खाली जातं. मे अखेर ते जून पेरा. दिवस लहान होत गेले की अंबाडी फुलावर जाते, त्यामुळे जितकी लवकर पेराल तितकी पानं जास्त दिवस. ऑगस्टमध्ये पेरून पाल्याची आशा धरू नका. शेंडे खुडत राहा, झुडूप होईल. शेतात आपण ज्वारी-तुरीच्या कडेनं टाकतो, दिवाळीच्या आसपास लाल बोंडं येतात, त्याची चटणी, सरबत. पूर्वी खोडाचा वाख काढून पोळ्याचे दोर वळायचे, आता ते कुणी करत नाही.

शिजवताना आंबटपणा जास्त वाटला तर पाला एकदा उकळून पिळून घ्या. आंबट पाला ॲल्युमिनियमच्या नाहीतर कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात नको. लोखंडी कढई चालते, थोडं लोहही उतरतं, पण भाजी झाली की लगेच काढून घ्या. तशीच ठेवली तर काळी पडते आणि चव लोखंडी होते.

पांझराकाठची_सून

शेवग्याचं झाड फार उंच गेलंय, पाला हाताला येत नाही. कापलं तर मरेल का?

यावलकर

वहिनी, शेवगा कापल्यानं मरत नाही, उलट सुधारतो. शेंगांचा बहर संपला की उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाआधी छातीएवढ्या उंचीवर छाटा. तिरपा काप द्या, पाणी साचणार नाही. कापावर शेण किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. महिन्याभरात चोहोबाजूंनी फूट येते, मग पाला आणि शेंगा दोन्ही हाताला. लावताना तर पहिल्या तीन फुटांवरच शेंडा मारायचा असतो. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात, हात लावू नका, भयंकर खाज. फडक्याचा पलिता करून सकाळी पुंजक्यावरून फिरवला की काम होतं. आणि शेवग्याची फांदी ठिसूळ असते, पोरांना चढू देऊ नका.

सातपुडा_पायथा

कटुर्ल्यांबद्दल (करटोली) कुणी विचारलं नाही म्हणून मीच लिहितो. बाजारात श्रावणात काय भाव असतो माहीत आहे सगळ्यांना. घरी लावता येतात. बी उगवायला फार त्रास देतं, कंद लावा. पण कटुर्ल्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. एकच कंद आणून लावला आणि चार वर्षं नुसती फुलं बघितली, असे लोक मला भेटले आहेत. फुलाच्या देठाशी बारकं काटेरी कटुर्लं दिसलं की ती मादी, नुसता देठ असला की नर. आठ-दहा मादींना एक नर पुरतो. वेल दिवाळीनंतर वाळतो, कंद मातीत झोपतो. त्या जागेवर खूण करून ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात खणताना कुदळ लागते. पहिल्या पावसात आपोआप वर येतो.

तापीमाय

भाऊ, नर-मादी दोन्ही कंद कुठे मिळतील? जळगावला नर्सरीत विचारलं तर त्यांना फरकच माहीत नव्हता.

सातपुडा_पायथा

ताई, आमच्याकडे आठवडे बाजारात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कंद येतात, पण विकणारी बाई नर-मादी सांगेलच असं नाही. त्यापेक्षा ऑगस्टमध्ये फुलं असताना कुणाच्या बांधावर जाऊन दोन्ही वेलांना वेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधून ठेवायच्या आणि वेल वाळल्यावर खणायचे. माझ्या बांधावर आहेत. यंदा चिंध्या बांधून ठेवतो, हिवाळ्यात निरोप पाठवा. बदल्यात भरताच्या वांग्याचं घरचं बी कुणाकडे असेल तर मला हवंय.

यावलकर

आहे. एक वांगं झाडावरच पिवळं होईपर्यंत राखलंय. बी धुऊन सावलीत सुकवलं की राखेत घोळवून पुडी करून ठेवतो.

कळणा_भाकर

आणि बाकीच्या वांग्यांचं भरीत कधी आहे तेवढं सांगा, पऱ्हाटी मी आणतो.